बावीस सेकंदांचं रील आणि साठ टक्के अपंगत्व

२०२५ च्या भीमजयंतीची रात्र. क्रांती चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. उस्मानपुऱ्यातून आमच्या गल्लीतली सगळी पोरं मिरवणुकीत गेली होती. त्यात आमचा एक दादाही होता. लहानपणी पोलिओ झाला, डाव्या पायात कॅलिपर, हातात कुबडी, प्रमाणपत्रावर साठ टक्के अपंगत्व. गाणं लागलं आणि गड्याने एक हात पुतण्याच्या खांद्यावर टाकला, दुसऱ्या हाताने कुबडी वर उचलली आणि नाचला. पुतण्याच्या मित्राने त्याचं रील केलं. बावीस सेकंदांचं. खाली लिहिलं, "काकाचा नाद खुळा". रात्रीत ते सगळ्या ग्रुपवर फिरलं.

जूनमध्ये दादाचं संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान आलं नाही. जुलैतही नाही. चौकशीला गेल्यावर कळलं की कोणीतरी तक्रार अर्ज दिला आहे. सोबत त्या रीलच्या स्क्रीनशॉटची रंगीत प्रिंट. अर्जात लिहिलं होतं, "सदर इसम धडधाकट असून शासनाची फसवणूक करीत आहे." टेबलामागच्या माणसाने दादाला विचारलं, "मिरवणुकीत नाचता येतं, मग काय अडलंय तुमचं?" पुन्हा बोर्डापुढे जाऊन या, असं तोंडी सांगितलं. लेखी काही दिलं नाही.

दादा पुन्हा बोर्डापुढे गेला. डॉक्टरांनी पाय मोजला, स्नायूंची ताकद तपासली, कागदावर आकडा लिहिला. तोच, साठ टक्के. तीन महिन्यांनी अनुदान सुरू झालं. मधल्या काळात त्याच्या आईने धुण्याभांड्याची आणखी दोन घरं धरली.

हे सगळं मी त्याच्या परवानगीने लिहिते आहे. नाव द्यायचं नाही, असं आमचं ठरलं आहे. प्रश्न एकट्या दादाचा असता तर मी त्याच्यासोबत कार्यालयात जाऊन भांडले असते आणि विषय संपवला असता. पण ज्या नजरेने त्याला "धडधाकट" ठरवलं ती नजर आपल्याही मोबाईलमध्ये आहे. म्हणून हा लेख आपल्याच कार्यकर्त्यांसाठी आहे.

नियमात काय आहे?

आधी नियम बघू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात अपंगत्वाचे एकवीस प्रकार आहेत. अपंगत्व किती हे ठरवायचा अधिकार कायद्याने नेमलेल्या वैद्यकीय प्राधिकाऱ्याला आहे. ते कसं मोजायचं याची केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्या निर्णयावर अपिलाची सोयही कायद्यातच आहे. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर आरक्षण आणि बहुतेक योजनांचे दरवाजे उघडतात.

संजय गांधी योजनेत अपंग लाभार्थ्याला किमान चाळीस टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं आणि वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत असावं लागतं. अनुदान १,५०० रुपये होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने ते अपंगांसाठी २,५०० करायचा निर्णय घेतला. या योजनेच्या अटींमध्ये "लाभार्थ्याने नाचू नये", "हसू नये", "मोर्चात दिसू नये" असं कुठेही लिहिलेलं नाही. अर्जात फेसबुकचा रकाना नाही.

पण कार्यालयाला तक्रार अर्ज चालतो आणि त्या अर्जाला स्क्रीनशॉट जोडता येतो. आपल्याकडे सोशल मीडिया लाभाच्या आड येतो तो या वाटेने. वरून कोणी यंत्रणा पाळत ठेवायला बसलेली नाही. ते काम शेजारी, भाऊबंद, निवडणुकीत विरोधात गेलेला कार्यकर्ता असे लोक करतात. अर्ज फुकट असतो. खोटा निघाला तरी अर्जदाराचं काही जात नाही. ज्याच्याविरुद्ध दिला त्याचे मात्र तीन महिने जातात.

फोटो काय सांगत नाही?

पोलिओ झालेला माणूस नाचू शकतो. कुबडीवर, खांद्यावर, बसून, कसाही. नाचल्याने पाय बरा होत नाही. दुसऱ्या दिवशी दादाला पलंगावरून उठता आलं नव्हतं. त्याचं रील कोणी काढलं नाही.

व्हीलचेअर वापरणाऱ्यांपैकी अनेकांना दोन मिनिटं उभं राहता येतं. कोणीतरी त्या दोन मिनिटांचा फोटो काढतो आणि खाली लिहितो, "चमत्कार!" अंध मित्र व्हॉट्सॲपवर उत्तर देतो तेव्हा लोक म्हणतात, "आंधळा म्हणवतो आणि मोबाईल चालवतो!" मोबाईलमध्ये पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी टॉकबॅकसारखी सोय असते, हे त्यांच्या गावीही नसतं.

आणि जे अपंगत्व डोळ्यांना दिसतच नाही त्याचं काय? कायद्यातल्या एकवीस प्रकारांत मानसिक आजार आहे, हिमोफिलिया आहे, थॅलेसेमिया आहे, सिकलसेल आहे. विदर्भातल्या आपल्या समाजात आणि आदिवासींमध्ये सिकलसेल किती घरांत आहे हे तिकडच्या कार्यकर्त्यांना वेगळं सांगायला नको. सिकलसेलची पोरगी चांगल्या दिवशी मैत्रिणीच्या लग्नात नटून फोटो काढते. वेदनेचा झटका येतो तेव्हा ती दवाखान्यात असते आणि तिथे सेल्फी काढायची शुद्ध नसते. तिची प्रोफाइल बघणाऱ्याला वर्षभर फक्त लग्नं दिसतात. आपण सगळेच चांगल्या दिवसाचे फोटो टाकतो. अपंग माणसानेही टाकले तर तो खोटारडा ठरतो.

शिवाय फोटो नेमका कधीचा, हे पोस्टच्या तारखेवरून कळत नाही. अपघाताआधीचा फोटो अपघातानंतर टाकला जातो. दादाचं रील तर त्याने टाकलंच नव्हतं. दुसऱ्याने टाकलं, तिसऱ्याने छापलं आणि चौथ्याने अनुदान थांबवलं.

जगाने हे आपल्याआधी पाहिलं आहे. २००९ मध्ये कॅनडातल्या क्वेबेकमध्ये एक बाई नैराश्यामुळे दीर्घ रजेवर होती. विमा कंपनीकडून मिळणारे तिचे पैसे बंद झाले. फेसबुकवर समुद्रकिनाऱ्यावरचे आणि वाढदिवसाचे हसरे फोटो होते आणि त्यावरून ती बरी झाल्याचं कंपनी म्हणते, असं तिने जाहीरपणे सांगितलं. डॉक्टरांनी मौजमजा करायचा सल्ला दिला होता, हेही तिने सांगितलं. ब्रिटनमध्ये फसवणुकीचा संशय आला तर कल्याण खात्याचे तपासनीस लाभार्थ्याची सार्वजनिक खाती बघतात. अमेरिकेत २०१९ मध्ये ट्रम्प प्रशासनाने अपंगत्व लाभाचे दावे तपासताना सोशल मीडिया वापरायचा विचार चालवला, तेव्हा तिथल्या अपंग हक्क संघटनांनी हाच आक्षेप घेतला की फोटोवरून माणसाची कामाची क्षमता कळत नाही. तिथे निदान धोरण म्हणून चर्चा तरी झाली. आपल्याकडे धोरण नाही, चर्चा नाही, नुसती रंगीत प्रिंट आहे.

"मग बोगस लोकांना सोडायचं का?"

हा प्रश्न येणारच आणि तो रास्त आहे. त्याला बगल देणं बेइमानी होईल.

पूजा खेडकर प्रकरण आपल्या सगळ्यांना आठवतं. २०२४ च्या जून-जुलैत पुण्यातल्या प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या खासगी गाडीवरच्या दिव्यावरून गोष्ट सुरू झाली आणि ओबीसी व अपंगत्वाच्या प्रमाणपत्रांपर्यंत गेली. ३१ जुलै २०२४ रोजी लोकसेवा आयोगाने त्यांची उमेदवारी रद्द केली. सप्टेंबरमध्ये केंद्राने त्यांना सेवेतून काढलं. त्यांनी आरोप नाकारले आहेत आणि फौजदारी गुन्ह्याचा निकाल न्यायालय देईल. पण राखीव जागेवर कोण बसतं हा प्रश्न सोशल मीडियाने लावून धरला, हे मान्य केलं पाहिजे. राखीव जागेवरचा प्रत्येक बोगस माणूस आपल्यातल्याच एकाचा घास काढून घेतो. २०२५ मध्ये राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागाने सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांची पडताळणी काढली. ती व्हायलाच हवी होती.

पण खेडकर प्रकरणात निर्णय कशावर झाला? व्हिडिओ बघून आयोगाने कोणाला काढलेलं नाही. अर्जातली नावं, दिलेल्या संधींची संख्या, कागदपत्रं यांची तपासणी झाली, नोटीस गेली, उत्तराला मुदत मिळाली. सोशल मीडियाने फार तर प्रश्न विचारला. उत्तर कागदांनी आणि कायद्याने दिलं. दादाच्या बाबतीत प्रश्न आणि उत्तर दोन्ही एकाच स्क्रीनशॉटने देऊन टाकलं.

दुसरी गोष्टही आठवा. त्याच महिन्यात एका माजी सनदी अधिकाऱ्याचे व्यायामाचे आणि नाचाचे व्हिडिओ फिरले, "बघा हा अपंग!" म्हणून. तो व्हिडिओ मीही पुढे पाठवला होता. सोबत हसणारं तोंड जोडलं होतं. त्याचं प्रमाणपत्र खरं की खोटं हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही नाही. नाचतो म्हणजे खोटा, एवढंच मी गृहीत धरलं होतं. दादाविरुद्ध अर्ज देणाऱ्यानेही तेच गृहीत धरलं. त्याच जुलैमध्ये तेलंगणातल्या स्मिता सभरवाल या वरिष्ठ सनदी अधिकाऱ्यांनी जाहीर पोस्ट टाकून सनदी सेवेत अपंगांना आरक्षण हवंच कशाला, असा प्रश्न विचारला. म्हणजे "हा एक खोटा आहे" इथून "हे आरक्षणच कशाला" इथपर्यंत यायला पंधरा दिवससुद्धा लागले नाहीत. हा प्रवास आपल्या ओळखीचा नाही का?

ही नजर आपण ओळखतो

"बुलेटवर फिरतो, याला स्कॉलरशिप कशाला?" "हातात आयफोन आहे, कसले हे दलित?" "इतकं चांगलं इंग्रजी बोलतेस, वाटत नाहीस तू!" हे ऐकलं नाही असा एक तरी वाचक हा लेख वाचतोय का?

यामागचं तर्कट एकच आहे. ज्याला हक्क मिळतो त्याने केविलवाणं दिसलं पाहिजे. दलिताने फाटकं नेसलं पाहिजे, अपंगाने रांगलं पाहिजे, विधवेने हसता कामा नये. जरा बरं दिसलं की हक्क संपला. यात हक्क हा शब्द नावापुरता आहे, खरी गोष्ट भिकेची आहे. भीक मागणाऱ्याच्या अंगावर नवा शर्ट दिसला की देणारा चिडतो.

आता उत्पन्नाची मर्यादा बघा. वर्षाला ५० हजार म्हणजे दिवसाला साधारण १३७ रुपये. लाडकी बहीण योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे आणि अपंगाला मात्र ५० हजारांत कोंडलं आहे. मग त्याच्या हातात बहिणीने दिलेला मोबाईल दिसला तरी तक्रार होते. मर्यादाच इतकी खाली ठेवली आहे की त्याखालच्या माणसाचं कोणतंही सुख पुराव्यासारखं दिसावं.

शब्दाचंही तेच आहे. २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी "दिव्यांग" शब्द पुढे आणला. विभाग, कायदा, प्रमाणपत्र, सगळ्यावर आता तो आहे आणि नाव सांगताना मलाही वापरावा लागतो. पण १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात "हरिजन" हा शब्द कायद्यात घालायला विरोध करून बाबासाहेब आणि त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष सभागृहाबाहेर पडला होता, हे आपण विसरू शकत नाही. माणसाला देवाचं म्हटलं की त्याला माणसासारखं वागवायची गरज उरत नाही. दैवी अंगाचा माणूस देव्हाऱ्यात शोभतो, भीमजयंतीला डीजेपुढे नाचला की देणाऱ्यांचा हिरमोड होतो.

बाबासाहेबांच्या संविधानात कलम ४१ आहे. बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता यांत राज्याने आपल्या ऐपतीत सार्वजनिक साहाय्याची तरतूद करावी, असं ते सांगतं. तिथे कृपेची भाषा नाही. २०११ च्या जनगणनेत देशात अपंगांचं प्रमाण २.२१ टक्के होतं आणि अनुसूचित जातींत २.४५ टक्के. वस्तीतली घाण, उघडी गटारं, धोक्याची कामं, लांबचा दवाखाना, हे सगळं शरीरावर उमटतं. त्यामुळे हा विषय "त्यांचा" म्हणून बाजूला टाकता येत नाही. आपल्या प्रत्येक वस्तीत दादा आहे.

कायद्याची दोन कलमं

त्याच २०१६ च्या कायद्यात कलम ९१ आहे. अपंगांसाठीचा लाभ फसवणुकीने घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कलम तक्रार करणाऱ्यांना पाठ असतं. त्याला लागून कलम ९२ आहे, ते मात्र कोणी वाचत नाही. सार्वजनिक नजरेत येईल अशा ठिकाणी अपंग व्यक्तीला मानहानीच्या हेतूने अपमानित केलं किंवा धमकावलं तर सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. भाषा ओळखीची वाटते ना? ॲट्रॉसिटी कायद्यातही "सार्वजनिक नजरेत" हेच शब्द आहेत. २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेटवर टाकलेला व्हिडिओही त्या कायद्याखाली सार्वजनिक नजरेत येतो, असं म्हटलं. मग तोच विचार कलम ९२ ला का लागू नये, हे आपल्या वकील मित्रांनी कोर्टात मांडायला हवं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेत लेखनिक मागणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाजूने निकाल दिला. सवलतीचा गैरवापर होईल ही भीती दाखवून हक्क नाकारता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा आहे. दादाच्या कार्यालयात हा निकाल कोणी वाचला असता तर बरं झालं असतं.

एक गोष्ट मात्र डोळे उघडे ठेवून समजून घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं कवच, माणसाने स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीला मिळत नाही. म्हणजे स्वतः सार्वजनिक टाकलेली पोस्ट कोणीही उचलू शकतो. त्यामुळे लढा "माझी पोस्ट का बघितली" यापेक्षा "त्यावरून निष्कर्ष काढायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला" यावर द्यावा लागेल.

आपण काय करायचं?

अनुदान थांबलं तर तोंडी उत्तर घेऊन परत यायचं नाही. लेखी आदेश मागायचा. माहितीच्या अधिकारात तक्रार अर्जाची प्रत मागायची. नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय लाभ थांबवणं नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे, हे अर्जात लिहायचं. खरंच शंका असेल तर कार्यालयाने लेखी पत्र देऊन फेरतपासणीला पाठवावं, पण निकाल येईपर्यंत अनुदान चालू ठेवावं, ही आपली मागणी असायला हवी. दाद मिळाली नाही तर पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. चौकशी सुरू झाल्यावर घाबरून पोस्ट उडवू नका, त्याचाही उलटा अर्थ लावला जातो. पोस्ट कधीची आहे, फोटो कोणी काढला, त्यानंतर प्रकृतीचं काय झालं, हे लिहून ठेवा. जयंती असो की मोर्चा, कोणाचंही रील टाकण्याआधी त्या माणसाला विचारा.

बोगस प्रमाणपत्राची पक्की माहिती असेल तर कागद घेऊन, सहीनिशी, योग्य प्राधिकाऱ्याकडे तक्रार करा. ते आपलं कामच आहे. पण "बघा हा अपंग!" असा व्हिडिओ ग्रुपवर आला तर तो आपल्या फोनमध्ये थांबला पाहिजे. मी माझ्या फोनमध्ये थांबवायला सुरुवात केली आहे. उशिरा केली, हे कबूल करते.

२ ऑक्टोबरला, अशोक विजयादशमीला, आम्ही गल्लीतले सगळे बुद्धलेणीवर गेलो होतो. दादाही आला होता. पांढरा शर्ट, हातात कुबडी. वंदना झाली आणि पोरांनी ग्रुप फोटोसाठी हाका मारल्या. दादा हळूच बाजूला सरकला. मी म्हटलं, "दादा, या ना." तो म्हणाला, "ताई, मला नका घेऊ फोटोत."

त्याचं अनुदान आम्ही परत मिळवलं. पण चळवळीच्या फोटोतून एक माणूस कमी झाला आणि त्याला बाहेर काढणाऱ्या नजरेत थोडी माझीही नजर होती. येत्या १४ एप्रिलला तो क्रांती चौकात परत नाचला पाहिजे, बिनधास्त, कुबडी वर करून. आणि तेव्हा कोणी स्क्रीनशॉट घेऊन कार्यालयात गेलाच, तर त्याच्या आधी आपण तिथे पोचलेले असलो पाहिजे.

जय भीम! जय संविधान!